फ्लॅट म्हणजे काय रे, उत्तम?

उत्तम शेवाळे वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याच्या नावानं बोटं मोडायला लागाल. मोडा हवी तर, पण सगळं ऐकून मग मोडा.

पाटणकडच्या एका गावातून दहावी नापास होऊन तो ठाण्याला मामाकडे आला. मामाची कोपरीत एक खोली, तिच्यात आधीच सातजण. मामानं त्याला बाळकुमच्या बाजूला असलेल्या पंपाच्या कंपनीत हेल्पर म्हणून चिकटवलं. इमारतींच्या टाक्यांत पाणी चढवतात ना, ते पंप. हेल्परचा ऑपरेटर झाला, ऑपरेटरचा लाइन लीडर झाला आणि केस पिकायला लागले तेव्हा एकदाचा टेस्टिंगचा सुपरवायझर झाला. ज्यांना डिग्री असते ते सुपरवायझर म्हणून लागतात आणि नाक मुरडतात. उत्तमला तिथवर पोचायला अर्धा जन्म लागला.

सुपरवायझर झाल्यावर त्याला खुर्ची मिळाली. गोल फिरणारी, एका बाजूनं रेक्झिन फाटलेली. त्याच्या बायकोनं, कलावतीनं, जुन्या पडद्याचं झालरीवालं कव्हर शिवून दिलं. अख्खं डिपार्टमेंट हसलं. हसेनात का! कॅन्टीनमध्ये सुपरवायझर लोकांचं टेबल वेगळं, तिथे पाण्याचा जग आधीच भरून ठेवलेला असे. गावाला जत्रेला गेला की लोक ‘साहेब आले’ म्हणून पारावर जागा करून द्यायचे. ज्या मास्तरांनी ‘तुझ्या हातून काही व्हायचं नाही’ म्हणून त्याचे कान पिळले होते, ते मास्तरसुद्धा. तेव्हा त्या खुर्चीत त्याचा किती जीव अडकला असेल ते तुम्हीच समजून घ्या.

त्याच्याच बरोबर, त्याच दिवशी, गिल्बर्ट म्हणून एकजण हेल्पर लागला होता. बाळकुमचाच, तिथल्या जुन्या ख्रिश्चन शेतकऱ्यांपैकी. कंपनी उभी राहिली ती गिल्बर्टच्या आजाच्या भातशेतीवर. जमीन गेली त्याच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी, असं ठरलेलं. ती नोकरी बापाकडून गिल्बर्टकडे आली. “माझ्याच खाचरात जायला मला कार्ड पंच करायला लागतं,” असं तो येता-जाता म्हणायचा. तोंडाचा फटकळ, त्यामुळे ऑपरेटरच राहिला. पण उत्तमशी त्याची दोस्ती शेवटपर्यंत अरे-तुरेची. बाकीचे ‘शेवाळे साहेब’ म्हणायचे, गिल्बर्ट भर डिपार्टमेंटमध्ये “ए उत्तम” म्हणून हाक मारायचा. उत्तम ओशाळायचा, पण ओ द्यायचा.

तर मार्च महिन्यात हेड ऑफिसनं नवीन साहेब पाठवला. विनीत त्याचं नाव. चाळिशीही गाठलेली नव्हती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आल्या आल्या त्यानं सगळ्यांना शेडखाली जमवलं आणि मराठी-इंग्रजीची भेळ करून भाषण ठोकलं. मार्केट बदललंय, कॉस्ट वाढलीय, वगैरे वगैरे. शेवटी हात पसरून म्हणाला, “एप्रिलपासून वी विल बी अ फ्लॅट ऑर्गनायझेशन!” आणि टाळ्यांची वाट बघत उभा राहिला.

एकाचाही हात हलला नाही.

का हलेल? त्या शेडमधून बाहेर बघितलं की काय दिसायचं? समोर रंगाची कंपनी होती, तिथे आता टॉवर. मागे काचेची होती, तिथेही टॉवर, आणि खाली पोहायचा तलाव. पलीकडे औषधाची कंपनी पाडायचं काम चालू होतं आणि गेटवर ‘निसर्गाच्या कुशीत’ असा बोर्ड लागला होता. ठाण्यात कंपनी मेली की तिच्या जागेवर फ्लॅट उगवतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि हा साहेब तोंडावर सांगतो, आपण फ्लॅट होणार!

“ऐकलं ना?” गिल्बर्ट बाहेर येऊन तडकला. “फ्लॅट बोलला तो. आपल्या थोबाडावर बोलला. आणि टाळ्या पण पाहिजे भडव्याला.”

बायामाणसांचे चेहरे पांढरे पडले. टेस्टिंगमधली तुळसा, जिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, ती तिथेच पायरीवर बसली. उत्तमलाही इंग्रजी कुठे येत होतं? फ्लॅट म्हणजे फ्लॅटच की.

कुणीतरी म्हणालं, साहेबालाच विचारू. गिल्बर्ट म्हणाला, “तो काय सांगणार? तो गोड बोलून कापणार. उत्तम, तुझी पोरगी मॅनेजमेंट शिकते ना रे? तिला विचार. नक्की अर्थ काय, कायद्यानं काय, सगळं विचार. उद्या गेटवर येऊन सांग. तू सांगशील ते फायनल. तोपर्यंत कोण आत जाणार नाय.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवाळे साहेब सांगतील ते फायनल.

संध्याकाळी रुचिता कॉलेजातून आली ती उत्तमनं तिला चप्पलही काढू दिली नाही. “फ्लॅट ऑर्गनायझेशन म्हणजे काय गं?”

रुचिता खो खो हसायला लागली. “बाबा, तुम्हाला काय घर वाटलं? अहो, ते घर वेगळं. ते नाम. हे विशेषण आहे, विशेषण! टायर पंक्चर झाला की फ्लॅट टायर. कोल्ड्रिंकमधला गॅस गेला की कोल्ड्रिंक फ्लॅट. मी गाते ना, ते पण फ्लॅट, म्हणजे सुराच्या जरा खालीच. आणि ऑर्गनायझेशनला लावलं तर...” तिनं आजूबाजूला बघितलं आणि उत्तमचा घासायला ठेवलेला चार कप्प्यांचा डबा उचलून आणला. “ही कंपनी. हा सगळ्यात वरचा कप्पा म्हणजे साहेब. हा खालचा, कामगार. फ्लॅट करायचं म्हणजे हे मधले दोन काढून टाकायचे, आणि वरचा थेट खालच्यावर बसवायचा. सपाट! साहेबाचं बोलणं डायरेक्ट कामगाराशी. आम्हाला परवाच शिकवलं.”

“म्हणजे कंपनी बंद नाही होणार?”

“छे हो! उलट चालावी म्हणून करतात.”

उत्तमचा जीव भांड्यात पडला. “कलावती, अगं चहा टाक!” तो ओरडला. “वेडे रे वेडे आम्ही! तो गिल्बर्ट तर साहेबाच्या अंगावर धावून जायचा बाकी होता.” आणि हसता हसता त्यानं बाजूला पडलेले ते दोन कप्पे हातात घेतले. “आणि हे गं? हे कोण?”

“ते मिडल लेयर. सुपरवायझर, असिस्टंट मॅनेजर,” रुचिता परीक्षेत सांगावं तसं घडाघडा बोलून गेली आणि जीभ चावली.

कलावती स्वयंपाकाच्या ओट्यापाशीच थबकली. “म्हणजे ह्यांचं काय?” तिनं विचारलं.

“आई, दरवेळी काढतातच असं नाही. दुसरं काम देतात कुठे कुठे. बाबा, तुम्ही उद्या साहेबांना सरळ विचारा ना, माझं काय म्हणून.”

“विचारतो,” उत्तम म्हणाला. पण त्याच्या मनानं तेव्हाच घेतलं होतं, की विचारायचं नाही. विचारलं आणि साहेब ‘हो’ म्हणाला तर संपलंच. न विचारता निदान आशा तरी राहते. बावन्न वर्षांचा दहावी नापास माणूस, त्याला दारात तरी कोण उभं करणार? वॉचमन म्हणून? गावाला काय सांगायचं? आणि रुचिताला कल्याणचं एक स्थळ सांगून आलं होतं, त्यांना मध्यस्थानं ‘मुलीचे वडील कंपनीत साहेब आहेत’ असंच सांगितलेलं. ताट तसंच सारून तो उठला.

सकाळी गेटवर गेला तेव्हा सगळे जमलेले होते. फर्स्ट शिफ्टचे, सेकंड शिफ्टचेसुद्धा. मेट्रोच्या खांबापर्यंत माणसं. त्याला बघून वाट करून दिली. गिल्बर्ट पुढे आला. “बोल. काय बोलली पोरगी? फ्लॅट म्हणजे काय रे, उत्तम?”

आता खरं सांगतो, तो खरंच सांगायला आला होता. कोपरीच्या घरापासून तोंडातल्या तोंडात घोकतच आला होता: बाबांनो, घाबरू नका, ते विशेषण आहे. तोंड उघडलंही होतं त्यानं. पण समोर ही सगळी माणसं, आणि त्याच्या डोक्यात एकदम लख्ख आलं. मी हे सांगितलं की ही हसत हसत आत जातील. वाचलो म्हणतील, पेढे वाटतील. आणि मी तेवढा बाहेर. आणि नाही सांगितलं तर? ही इथेच बसतील. साहेब नवीन आहे, चार दिवसांत टरकेल, ‘नको बाबा ते फ्लॅट’ म्हणेल आणि सगळं होतं तसं राहील. यांचंही, माझंही. कुणाचं काय वाईट होतंय त्यात?

“फ्लॅट म्हणजे फ्लॅट, गिल्बर्ट,” उत्तम म्हणाला. “इंग्रजीत पण राहायच्या घरालाच फ्लॅट म्हणतात.”

बघा, यात खोटं एक अक्षर नाही. कुठल्याही डिक्शनरीत काढून बघा. इतकं खरं बोलून एवढं मोठं खोटं आजवर कुणी सांगितलं नसेल.

त्या दिवसापासून कंपनी बाहेर बसली. ताडपत्री टाकली, चूल मांडली. आणि उत्तम त्यांच्यात बसला. सुपरवायझर असून! बाकीचे सुपरवायझर मागच्या दारानं आत जात होते, त्यांचं कुणी ऐकूनही घेत नव्हतं, आणि शेवाळे साहेब मांडी घालून रस्त्यावर. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. तुळसा घरून भाकरी आणायची ती पहिली त्याला द्यायची. “तुमी हायसा म्हणून धीर हाय,” म्हणायची. उत्तम मान खाली घालून खायचा.

घरी रुचिता विचारायची, “बाबा, तुम्ही सांगितलंत ना त्यांना नीट?”

“सांगितलं.”

“मग का बसलेत?”

“ऐकत नाहीत गं.”

एक खोटं पचवायला दुसरं, आणि तेही पोटच्या पोरीशी. माणूस एकदा घसरायला लागला की त्याला धरायला काही मिळत नाही.

साहेब काही टरकला नाही. एप्रिल गेला, मे गेला. मग एका दुपारी त्याचा उत्तमला फोन आला आणि कापूरबावडीच्या नाक्यावरच्या हॉटेलात त्यानं भेटायला बोलावलं. विनीतसाहेबाची दाढी वाढली होती. चहा सांगितला आणि म्हणाला, “शेवाळे, मी हरलो. मला वाटलं होतं, डोक्यावरचे सुपरवायझर गेले की कामगार खूश होतील. पण हे लोक तर तुमच्यासाठी रस्त्यावर बसलेत! पगार मागत नाहीत, बोनस मागत नाहीत. फक्त ‘फ्लॅट नको, फ्लॅट नको’. माझ्या उभ्या नोकरीत कामगारांचं सुपरवायझरवर एवढं प्रेम बघितलं नाही. हेड ऑफिसला मी तसंच कळवलंय.”

उत्तमनं हातातली बशी टेबलावर ठेवली.

“आणि गंमत म्हणजे,” साहेब कपाळाला हात लावून म्हणाला, “तुम्हाला कुणी काढणारच नव्हतं. पगार तोच. फक्त खुर्ची सोडून लाइनवर उभं राहायचं, सगळ्यांबरोबर. एवढंच होतं ते. तुम्ही येऊन विचारलं असतंत तरी मी सांगितलं असतं.”

एवढंच होतं ते.

“आपल्या मालकांना, शेठना, जमीन विकायचीय,” साहेब पुढे म्हणाला, “आजची नाही, जुनी इच्छा आहे. मी पाया पडून एक वर्ष मागून घेतलं होतं, की कारखाना चालवून दाखवतो. आता ऑर्डरी गुजरातला चालल्यात. सोमवारी गेट उघडलं नाही, तर मग माझ्या हातात काही नाही. शेवाळे, ते तुमचं ऐकतात. त्यांना आत आणा.”

उत्तम उठला तो चहा तसाच टाकून. रिक्षात बसला, सिग्नलला अडकली म्हणून उतरला आणि चक्क धावत सुटला. ह्या वयात, उन्हातान्हात, लोक बघत होते. ताडपत्रीखाली पोचला तो धापा टाकतच. “आत चला,” तो म्हणाला. “सगळे आत चला. कंपनी विकत नाहीत. फ्लॅट म्हणजे ते फ्लॅट नाही. ते विशेषण आहे! मधली माणसं काढायची, मला काढायचं, असा त्याचा अर्थ आहे. तुमचं काही जात नव्हतं. मला माहीत होतं. मी खोटं बोललो. गिल्बर्ट, मी खोटं बोललो रे!”

आधी कुणालाच काही कळेना. मग गिल्बर्टनं शांतपणे विचारलं, “कुठनं आलास तू आत्ता?”

“साहेबाकडनं.”

“हां.” गिल्बर्ट सगळ्यांकडे वळला. “ऐका. साहेबाकडं जाऊन आला, नि अर्थ बदलला.”

“अरे देवाशपथ सांगतो...”

“काय कबूल केलं तुला? असिस्टंट मॅनेजर करतो बोलला?”

“गिल्बर्ट, माझ्यावर नको विश्वास ठेवू. रुचिताला विचार, तिनंच सांगितलेलं.” त्यानं फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून रुचिता बोलली. स्वच्छ, नीट, न अडखळता सगळं सांगितलं. विशेषण, थर, डबा, सगळं.

“ते ठीक आहे बाय,” गिल्बर्ट फोनकडे वाकून म्हणाला. “पण मग पहिल्या दिवशी तुझ्या बापानं उलटं का सांगितलं? घरालाच फ्लॅट म्हणतात, हे त्याचेच शब्द. शंभर लोकांनी ऐकलंय.”

पलीकडे काही आवाजच येईना. “बाबा?” एवढंच ऐकू आलं. परत एकदा, हळू, “बाबा?” आणि फोन बंद झाला.

“बघा,” गिल्बर्ट म्हणाला, “पोरगी गप झाली. पढवलेलं संपलं.”

तुळसा जवळच होती. तिनं उत्तमकडे बघितलं आणि पुढ्यातली भाकरी उचलून पदराखाली घेतली. कुणी शिव्या दिल्या, कुणी थुंकलं. उत्तम एकेकाचे हात धरत होता, पाया पडत होता, रडत होता. जितका रडला तितकी लोकांची खात्रीच पटत गेली. शेवटी दोघांनी दंडाला धरून त्याला रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं.

सोमवारी गेट उघडलं नाही. कशाला उघडेल? पावसाळा सरता सरता मशीन ट्रेलरवर चढल्या, आणि दिवाळीच्या आत भिंतीला बिल्डरचे निळे पत्रे लागले.

उत्तम आता डोंबिवलीला एका सोसायटीत पाणी सोडायच्या कामावर जातो. कल्याणच्या स्थळाचं पुढे काही झालं नाही. रुचिता बापाला ‘जेवलात का’ एवढं विचारते, आणि तेही आई समोर असली तर. कलावती दोघांच्या मध्ये बसते आणि दोघांशी वेगवेगळं बोलते.

परवा रविवारी कोपरीच्या मासळी बाजारात गिल्बर्ट अचानक समोर आला. उत्तम मान खाली घालून कडेनं सटकायला बघत होता, तर गिल्बर्टनंच त्याचा खांदा पकडला. वाळला होता, केस पार पांढरे झालेले. घरी चल म्हणाला, बायको विचारते म्हणाला. मग उत्तमच्या पिशवीत स्वतःच्या पिशवीतले दोन बोंबील जबरदस्तीनं कोंबले. उत्तमच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आता तरी सांगावं, हा आता तरी ऐकेल, असं त्याला वाटलं.

“गिल्बर्ट, ऐक ना, तेव्हा मी...”

“राहू दे रे.” गिल्बर्टनं त्याला बोलूच दिलं नाही. “मला सगळं कळलेलं आहे. माणसाला भीती दाखवली की माणूस फिरतो. साहेबानं तुला घाबरवला, तू फिरलास. मी तुला माफ केलं, बस. अरे, बाकी कोणात दम होता? पहिल्या दिवशी सगळ्यांच्या समोर उभा राहून खरं बोललास तो तू एकटाच. मी तर बायकोला पण सांगतो, उत्तम होता म्हणून आपल्याला निदान आधी कळलं तरी.”

आणि उत्तमचा हात हातात घेऊन तो मासळी बाजाराच्या त्या गर्दीत कितीतरी वेळ दाबत राहिला.